घाट उतरायचा वेग

डेपो, ४ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

नमस्कार. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. रागावू नकोस, बाबाही हेच म्हणतात.

एक गणित अडलंय. आमच्या डेपोत नवे साहेब आलेत. सगळी नोकरी सपाटीवर केलेला माणूस. आल्या आल्या त्यांनी हुकूम काढला की प्रत्येक गाडीचा जाऊन-येऊन सरासरी वेग ताशी चाळीस किलोमीटर पडलाच पाहिजे. खालच्या रस्त्यांवरच्या ड्रायव्हरांना त्यात काही विशेष नाही. माझी गाडी घाटातली. डेपोपासून वरच्या गावापर्यंत वीस किलोमीटर, सगळा चढ. भरलेली गाडी ताशी वीसच्या वर चढत नाही, कितीही दामटा. म्हणजे जाताना वीस हे ठरलेलं. मग उतरताना किती वेगाने आले तर सरासरी चाळीस पडेल? रोज मी तीसने उतरते.

महिनाअखेरपर्यंत जमलं नाही तर घाट काढून घेणार आणि मला शटलवर टाकणार. शटल म्हणजे स्टेशन ते कारखान्याचं गेट, तिथून परत स्टेशन, दिवसातून बावीस वेळा. गिअर बदलायचा तेवढाच विरंगुळा. ‘बाईमाणूस आणि घाट?’ हे ऐकत चार वर्षं भांडले तेव्हा मला ही ड्युटी मिळाली, तुला माहीतच आहे. एका कागदापायी ती जायला नको.

साहेबांना विचारलं तर म्हणाले, ‘तो तुमचा प्रश्न आहे.’ म्हणून तुला विचारतेय.

तुझी,
भिंगरी

७ नोव्हेंबर

भिंगरी,

पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच, पाल शाईत बुडून कागदावरून पळाल्यासारखं. डावीकडे समास सोडायचा असतो हे तुला सातवीपासून सांगतेय.

मी बोलू देत नाही असं तू पहिल्याच ओळीत लिहिलंस. तुझ्या बापाची साक्षही काढलीस. माझा धाकटा भाऊ आठ वर्षांचा होईपर्यंत त्याच्या वतीने मीच बोलायचे, नाहीतर त्याला कुणी पाणीसुद्धा विचारलं नसतं. हे त्याला वाचून दाखव.

आता तुझं गणित. मला खरोखर लाज वाटली. चौतीस वर्षं मी मुलींच्या शाळेत बीजगणित शिकवलं आणि माझ्या सख्ख्या भाचीला सरासरी काढता येत नाही. वीस आणि किती यांची सरासरी चाळीस? वीस अधिक साठ ऐंशी, भागिले दोन, चाळीस. साठने उतर. झालं. यासाठी तीन दिवस पोस्टाला राबवलंस.

तीसने उतरतेस म्हणजे गाडी चालवतेस की वरातीपुढे चालतेस? उताराला गाडी आपण होऊन पळते, तिला फक्त अडवू नकोस.

इथे बँकेने काउंटरवरचं पेन दोरीने बांधून ठेवलंय. दोरी इतकी आखूड की सही करायला माणसाने काचेला नाक लावावं. मॅनेजरला मी पत्र दिलं आहे. तो म्हणाला, ‘बाई, पेनं चोरीला जातात.’ मी म्हटलं, पंचावन्न वर्षं या बँकेत येतेय, मला चोरायचं असतं तर पेनावर थांबले असते का? दोरी अजून तशीच आहे. मीही अजून तशीच आहे.

तुझी आत्या

डेपो, १६ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

साठ जमलं नाही. साठचं सोड, घाटात साठ म्हणजे पहिल्याच वळणाला दरीचं दर्शन. पण काल चाळीसने उतरले. या रस्त्यावर आजवर असं कुणी उतरलं नव्हतं.

चौथ्या वळणावर तिघे उतरले. म्हणाले, ‘तुम्ही व्हा पुढे, आम्ही येतो चालत.’ एका आजींची टोपली पुढच्या बाकाखालून निघून मागच्या बाकाखाली गेली, आणि मागून पुन्हा पुढे आली. कंडक्टरकाका कधी खाली बसत नाहीत, उभ्यानेच तिकिटं फाडतात. काल ते बसले. डेपोत आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, ‘तुझी आत्या बसमध्ये कधी बसली आहे का?’ 

आता खरी गोष्ट ऐक. एवढं करून वेगाच्या तक्त्यावर सरासरी आली सव्वीस आणि वर काहीतरी. मी कारकुनाला पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच. वर जाताना वीस, येताना चाळीस, म्हणजे तुझ्या रीतीने सरासरी तीस यायला हवी. मधले तीन-साडेतीन कुठे गेले?

बहुतेक मी वळणांना जास्त ब्रेक लावला असेल. सोमवारी पन्नासने बघते.

तुझी,
भिंगरी

१९ नोव्हेंबर

भिंगरी,

तुझं पत्र सोमवारी दुपारी मिळालं. वाचलं आणि मी चपला न घालता खालच्या मजल्यावर फोन करायला गेले, स्वतःचा फोन टेबलावर समोर असताना. खालच्या डॉक्टरीणबाईंनी मला बसवलं, पाणी दिलं आणि माझा फोन हरवलाय असं समजून माझाच नंबर फिरवून देऊ का असं विचारलं. तुझा फोन कंडक्टरकाकांनी उचलला, तू गाडी वळवत होतीस म्हणून. त्यांना म्हटलं, रोजच्या वेगाने उतरायला सांगा, तीसच्या वर काटा गेला तर मी तिथे येईन. गणित फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, ते आता लिहिते.

मी चुकले.

हे दोन शब्द लिहायला मला सकाळची दुपार झाली, तेव्हा नीट वाच.

सरासरी वेग म्हणजे दोन वेगांची बेरीज भागिले दोन नव्हे. एकूण अंतर भागिले एकूण वेळ. चाळीसने उतरलीस त्या दिवशी तू वर जायला एक तास घेतलास आणि खाली यायला अर्धा. चाळीस किलोमीटर दीड तासात. भागून बघ, सव्वीस आणि वर काहीतरीच येतं. तुझे साडेतीन कुठेही गेले नाहीत, ते मुळात नव्हतेच. कारकून बरोबर, आत्या चूक. हे मी शेकडो मुलींच्या वह्यांत लाल शाईने लिहिलं आहे. या खेपेला रागाच्या भरात, कागद न घेता, तोंडी केलं आणि तुला दरीकडे पाठवलं.

आता साहेबांचा हुकूम घे. उतरण्याच्या वेगाला क्ष म्हण. वर जायला वीस भागिले वीस, म्हणजे एक तास. खाली यायला वीस भागिले क्ष तास. आणि चाळीस किलोमीटर ताशी चाळीसने, म्हणजे सगळं मिळून एक तास. मांडणी अशी होते:

१ + २०/क्ष = १

दोन्हीकडचा एक गेला. उरलं २०/क्ष = ०. छेद घालवायला दोन्ही बाजूंना क्षने गुण. वीस बरोबर शून्य. आता वीस बरोबर शून्य कुठल्याही जगात होत नाही. म्हणजे असा क्षच नाही. या समीकरणाला उत्तर नाही. साठ नाही, सहाशे नाही, गाडीला पंख लावलेस तरी नाही.

वर्गात मुली ‘उत्तर नाही’ लिहायला घाबरायच्या. त्यांना वाटायचं, काहीतरी आकडा लिहिला तर निदान अर्धा मार्क मिळेल. मी तो अर्धाही द्यायची नाही. या वेळी माझाच कापला आहे.

तू धडधाकट आहेस ना, ते उलट टपाली कळव. अक्षर कसंही चालेल.

तुझी आत्या

डेपो, २१ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

मी धडधाकट आहे. सोमवारी तुझा फोन आला तेव्हा आम्ही वरच्या थांब्यावर होतो. गाडी वळवून मी सीटचा पट्टा घट्ट करायला लागले. काकांनी खिडकीतून डोकं घालून निरोप दिला, ‘आत्या शुद्धीवर आल्या. तीसनेच जायचंय.’ मग ते पुन्हा बाकावर बसले. गाडीतल्या लोकांना मी रोजच्यासारखीच उतरणार हे कळलं, तेव्हा कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

तुझं पत्र मी चारदा वाचलं. ‘मी चुकले’ हा भाग बाबांना फोनवर वाचून दाखवला. ते म्हणाले, ‘तारीख काय आहे त्या पत्राची? लिहून ठेवतो.’

आता साहेबांना हे पटवायचं आहे. ते वाईट नाहीत ग. टेबल स्वतः पुसतात, कुणाचा पगार अडवत नाहीत. पण कागदावर एकदा उमटलं की त्यांच्या लेखी ते दगडावरचं. मी योग्य वेळ बघून, चहाच्या सुमाराला, हळूच विषय काढणार आहे.

तेवढं एक कर. साहेबांना पत्र लिहू नकोस. तुला माझी शपथ.

तुझी,
भिंगरी

आगार व्यवस्थापक यांचे कार्यालय
दिनांक २५ नोव्हेंबर

विषय: घाटमार्गावरील सरासरी वेग
संदर्भ: आपले दिनांक २० नोव्हेंबरचे पत्र (पाने सात)

महोदया,

१. आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे. त्यातील या कार्यालयाच्या आकलनशक्तीविषयीचे उल्लेख प्रस्तुत विषयाशी संबंधित नसल्याने त्यांस उत्तर देण्यात येत नाही.

२. आपण दिलेले समीकरण मी स्वतः सोडवून पाहिले. छेदातील क्ष निःशेष जावा म्हणून खबरदारी घेऊन दोन्ही बाजूंना क्षच्या वर्गाने गुणले. दोन्हीकडील क्षचा वर्ग वजा जाता २० क्ष = ०, म्हणून क्ष = ० असे उत्तर मिळते.

३. उत्तर मिळत असल्याने, सदर समीकरणास उत्तर नाही हा आपला दावा मान्य करता येत नाही.

४. दिनांक ३० नोव्हेंबर रोजी सकाळी सात वाजताच्या फेरीत मी स्वतः गाडीत बसून वेळेची नोंद घेणार आहे. अपेक्षित सरासरी न पडल्यास १ डिसेंबरपासून संबंधित चालकास शटल सेवेत वर्ग करण्यात येईल.

कळावे.

आगार व्यवस्थापक

डेपो, २६ नोव्हेंबर

आत्या,

सात पानं?

साहेबांनी मला आज बोलावलं. टेबलावर तुझं पत्र होतं, तुझा तो समास मी दारातून ओळखला. म्हणाले, ‘तुमच्या आत्यांनी मला सपाट डोक्याचा माणूस म्हटलंय. हा शब्द तुम्ही त्यांना पुरवलात का?’ चहाची वेळ मी पाहून ठेवली होती, शुक्रवारची.

आता सगळ्या डेपोला साहेबांचं उत्तर माहीत झालंय. सकाळी गाडी काढताना शटलवाला ओरडून विचारतो, ‘काय ताई, आज शून्याने उतरणार ना? मग टायर कशाला तपासताय?’ धुलाईवाल्याने काल काचेवर साबणाच्या फेसाने भलंमोठं शून्य काढलं होतं. हसू येतं, पण तीस तारीख चार दिवसांवर आहे. त्या दिवशी साहेब पुढच्या बाकावर बसणार आणि चाळीस पडणार नाही, हे तुला माहीत आहे आणि मलाही. मग एक तारखेपासून स्टेशन, गेट, स्टेशन, गेट.

तुझ्यावर मी रागावले आहे. तरी एक विचारते, कारण दुसऱ्या कुणाला विचारू? हे शून्य आलं कुठून? साहेबांची आकडेमोड मी तीनदा केली. चूक सापडत नाही. क्षच्या वर्गाने गुणलं की खरंच शून्य येतं.

भिंगरी

२८ नोव्हेंबर

भिंगरी,

तुझी शपथ २१ तारखेची, माझं पत्र २० तारखेचं. तारखा बघ. शपथ मोडल्याचा आरोप मी मान्य करत नाही. सातपैकी गणिताची पानं पहिलं आणि शेवटचं अशी दोनच होती, एवढा आरोप मान्य. सपाट डोक्याचा हे दुसऱ्या पानावर आहे आणि ते मला अजूनही जास्त वाटत नाही. एवढ्या सोप्या समीकरणाला जो माणूस दोनदा गुणतो तो दाराला कुलूप लावून पुन्हा जिन्यातून वर जात असणार.

पण शून्य कुठून आलं, हा प्रश्न तू चांगला विचारलास. आमच्या शाळेतल्या गणिताच्या सिस्टर याच जागी पट्टी टेबलावर आपटायच्या. आम्ही दचकायचो आणि ते कायमचं लक्षात राहायचं. मी पट्टीशिवाय सांगते.

समीकरणाला क्षने गुणणं म्हणजे गाडीचं दार उघडणं. तिकीटवाले प्रवासी चढतात, आणि दार जरा जास्त वेळ उघडं राहिलं की मागून एखादा बिनतिकिटाचाही चढतो. साहेबांनी दार दोनदा उघडलं. शून्य तेव्हा आत शिरलं. आकडेमोडीत चूक नाही म्हणून तुला ते सापडलं नाही. चूक पुढची आहे. आलेलं प्रत्येक उत्तर अगदी पहिल्या समीकरणात नेऊन बसवायचं असतं, तुमचे काका तिकीट मागतात तसं. क्षच्या जागी शून्य घाल. वीस भागिले शून्य. भागताच येत नाही. ज्या उत्तराने छेद शून्य होतो त्याला तिथल्या तिथे खाली उतरवायचं, ते कितीही गयावया करो. त्याला उतरवल्यावर गाडीत कुणीच उरलं नाही तर गाडी रिकामी, आणि तसं लिहायचं.

बाकी, शून्य वेगाने उतरणारी गाडी वरच उभी राहते हे कळायला बीजगणित लागत नाही. नवा साहेब बहुधा कधी घाट चढलाच नसेल.

तीस तारखेला काय करायचं ते मला सुचत नाही. पुन्हा पत्र लिहिणार नाही, भिऊ नकोस. कागदावर मांडून उपयोगही नाही, तो आणखी एकदा क्षने गुणेल. तुझं तूच बघ. वेगाला मात्र हात लावू नकोस. शटल चालवणारी भाची मला चालेल. उगाच कुरकुर करेल, पण समोर बसून करेल.

तुझी आत्या

डेपो, १ डिसेंबर

प्रिय आत्या,

घाट माझ्याकडेच राहिला. हे आधी लिहिते, नाहीतर तू शेवटचं पान आधी उलटशील.

काल सातला साहेब पुढच्या बाकावर येऊन बसले. गळ्यात स्टॉपवॉच, मांडीवर पॅड, दोन पेन्सिली. गाडी भरलेली. त्या दिवशी चौथ्या वळणाला उतरलेले तिघेही होते, पण चढण्याआधी त्यांनी काकांना बाजूला घेऊन काहीतरी विचारून घेतलं.

‘चढताना वेग किती?’ साहेबांनी विचारलं.

‘वीस.’

‘आणि उतरताना?’

‘ते वर गेल्यावर बोलू साहेब.’

तुला खरं सांगते, तोवर माझ्याकडे काहीच युक्ती नव्हती. तुझं १ + २०/क्ष = १ मी डॅशबोर्डवर पेन्सिलीने लिहिलं होतं आणि वळणावळणाला त्याच्याकडे बघत होते. दहाव्या किलोमीटरला साहेब म्हणाले, ‘अर्धा तास झाला.’ आणि मला दिसलं. डावीकडचा एक आणि उजवीकडचा एक. तू ते दोन्ही कापून टाकलेस म्हणून आधी दिसलं नव्हतं. डावीकडचा एक म्हणजे मी चढतेय तो तास. उजवीकडचा एक म्हणजे साहेबांनी सगळ्या फेरीला दिलेला तास. एकच तास तो. मग मी अगदी काटा वीसवर ठेवून गेले, ना कमी ना जास्त.

आठ वाजता वरच्या थांब्यावर पोचलो. इंजिन बंद केलं, चावी काढली, आणि साहेबांकडे वळून म्हटलं, ‘उतरा साहेब, डेपो आला.’

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. पाण्याची टाकी, दोन कुत्री, दुकानाचं अर्धं उघडलेलं शटर.

‘हा डेपो नाही. आपण वर आहोत.’

‘तुमच्या कागदाप्रमाणे डेपोच आहे. चाळीस किलोमीटर, ताशी चाळीस. सातला निघालो, आठला परत. किती वाजले बघा.’

त्यांनी स्टॉपवॉच बघितलं. मग पॅड. मग परत स्टॉपवॉच. मागे कुणीतरी हसलं, त्याला शेजारणीने गप्प केलं.

‘म्हणजे खाली जायला वेळ किती उरला?’ हे त्यांनी मला नाही, स्वतःलाच विचारलं.

कंडक्टरकाका तिकिटाची पिशवी सारखी करत म्हणाले, ‘शून्य, साहेब. तुमचं शून्य बरोबरच होतं. तुम्ही ते वेगाला लावलंत, ते वेळेचं होतं.’

साहेब खाली उतरले. कठड्याशी जाऊन उभे राहिले. तिथून आपला डेपो काडेपेटीएवढा दिसतो. त्यांनी एका तिकिटाच्या पाठीवर काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. आम्ही सगळे खिडक्यांतून बघत होतो. आता ते रागावले तर घाट गेला, एवढंच डोक्यात होतं. पाच-सात मिनिटांनी ते आले आणि तिकीट माझ्यापुढे धरलं. त्यावर २०/० लिहून त्याच्यावर फुली मारली होती.

‘भाग जात नाही,’ ते म्हणाले.

‘नाही जात.’

‘उत्तर आलं तर छेद तपासा, असं तुमच्या आत्यांनी सातव्या पानावर लिहिलं होतं. ते मी काल रात्री वाचलं.’ मग म्हणाले, ‘पहिल्यांदा मी दुसऱ्या पानावरच थांबलो होतो.’

आत्या, हे वाक्य तू भिंतीवर लावून ठेव.

नवा हुकूम आज सकाळी लागला. घाटाच्या गाडीला सरासरीची अट नाही. जाऊन-येऊन एक तास चाळीस मिनिटं, वर थांबण्याचा वेळ वेगळा. खाली माझ्या ड्युटीची नोंद आहे तशीच आहे. शटलवाला तोंड पाडून बसलाय, त्याने माझ्या जागी घाट मिळेल म्हणून नवीन गॉगल आणला होता.

तर मग काल मी इंजिन सुरू केलं. साहेब परत पुढच्या बाकावर.

‘आता उतरताना किती ठेवणार?’

‘तीस. रोजचा वेग आहे.’

‘ठीक,’ ते म्हणाले आणि पॅडवर तीस लिहिलं. पहिलं वळण घेतलं तेव्हा त्यांच्या दोन्ही पेन्सिली खाली पडल्या. त्यांनी त्या उचलल्या नाहीत. दुसऱ्या वळणाला समोरचा दांडा धरला, डोळे रस्त्यावरून न हलवता जरासे माझ्याकडे झुकले आणि इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, ‘बाई, तीस जरा जास्त होत नाही का?’

तुझी,
भिंगरी